एअरगनच्या स्क्रूंना कुठलं थ्रेडलॉकर लावायचं (आणि कुठे अजिबात लावायचं नाही)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ०.१७७ इंच छर्ऱ्याची, स्प्रिंगची ब्रेक-बॅरल (नळी मोडून भरायची) रायफल आहे, पन्नास-साठ छर्रे मारले की पुढच्या दस्त्याचे दोन्ही स्क्रू ढिले होतात, स्कोप हळूहळू मागे सरकतो, नळी जिथे मोडते त्या जॉइंटला थोडा खेळ आलाय, आणि जवळच्या गॅरेजवाल्याने "हे लाल लॉकटाइट सगळीकडे लावा, जन्मात सुटणार नाही" म्हणून एक बाटली हातात दिलीय. शिवाय मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते, तिच्या पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलच्या नळीवरच्या वजनांचे स्क्रू सुटतात आणि सिलिंडर जोडतो तिथून बारीक हवा जाते, तर तिथेही तेच लावलं तर चालेल का.

पहिलं म्हणजे ती बाटली बाजूला ठेवा. (थ्रेडलॉकर म्हणजे स्क्रूच्या आट्यांना लावायचा, स्क्रूला फिरून सुटू न देणारा पातळ गोंद, आणि लॉकटाइट हा त्याचा एक ब्रँड.) एअरगनमध्ये जवळजवळ प्रत्येक स्क्रू कधी ना कधी उघडावाच लागतो, स्प्रिंग बदलायची असते, पिस्टनचं सील जातं, पावसाळ्यानंतर गंज बघायचा असतो, त्यामुळे "जन्मात सुटणार नाही" असलं काही आपल्याला नकोच आहे. मी ग्रेड निवडताना दोनच गोष्टी बघतो, हा स्क्रू परत कधी आणि कशाने उघडणार, आणि याच्या शेजारी काय आहे (लाकूड, प्लास्टिक, ओ-रिंग म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, ट्रिगरचे भाग). किती ताकदीचं हवं ते यातूनच ठरतं.

आता स्क्रू का सुटतात ते आधी बघू, कारण निम्म्या केसमध्ये औषध लावायची गरजच नसते. स्प्रिंगच्या गनचा हिसका दोन्ही बाजूंनी असतो. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो तेव्हा गन मागे येते, मग पिस्टन समोर दाबल्या गेलेल्या हवेवर येऊन थांबतो तेव्हा गन उलटी पुढे जाते, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. प्रत्येक शॉटला स्क्रूच्या डोक्याखाली धातू आणि लाकूड एकमेकांवर आडवे सरकायला बघतात. १९६९ साली युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने टेस्टिंग मशीनवर दाखवून दिलं की बोल्ट स्वतःहून फिरून सुटतो तो मुख्यतः या आडव्या सरकण्यामुळे, आणि त्याच पद्धतीच्या टेस्टमध्ये आपला नेहमीचा कापलेला स्प्रिंग वायसर फारसा तग धरत नाही. म्हणून "वायसर टाकलाय तरी सुटतो" ही तक्रार अगदी बरोबर असते, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

पण लिक्विड लावण्याआधी एक चेक करा. दस्ता काढून ठेवा आणि तो पुढचा स्क्रू नुसता हाताने त्याच्या आट्यांमध्ये फिरवत पूर्ण आत जाऊ द्या, किती मिलिमीटर आत गेला ते व्हर्नियरने मोजा. मग दस्ता बसवल्यावर तो किती आत जायला हवा त्याच्याशी ताडून बघा. कधी कधी स्क्रू भोकाच्या तळाला टेकलेला असतो, हाताला एकदम टाइट लागतो पण दस्त्यावर दाबच येत नाही, आणि असा स्क्रू कुठल्याही गोंदाने टिकणार नाही, त्याला अर्धा-एक मिलिमीटर घासून छोटा करावा लागतो. दुसरं म्हणजे डोक्याखालची वाटी किंवा वायसर लाकडात रुतलाय का ते बघा. लाकूड चेपलं असेल तर प्रत्येक वेळी आवळलं की अजून थोडं चेपतं आणि परत ढिलं, तिथे मोठा वायसर किंवा धातूची बुश हाच उपाय. आणि आपल्याकडे लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आटतो, कोकणात तर फारच, त्यामुळे जुलैत आवळलेला स्क्रू एप्रिलमध्ये आपोआप सैल लागतो. थ्रेडलॉकर स्क्रूला फिरू देत नाही एवढंच, आटलेल्या लाकडाची जागा ते भरून काढत नाही. तेव्हा सीझन बदलला की लॉक केलेला स्क्रूसुद्धा एकदा उघडून, साफ करून, नव्याने बसवायचा.

हे सगळं ठीक असेल आणि तरी सुटत असेल तर मग थ्रेडलॉकर. ते काम कसं करतं हे माहीत असलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात, म्हणून दोन मिनिटं त्यावर घालवतो. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, याचं गणित वेगळं आहे. याला ऑक्सिजन मिळत राहिला की हे पातळच राहतं, आणि ऑक्सिजन बंद होऊन दोन्ही बाजूंनी धातू लागला की कडक होतं. १९५३ च्या सुमाराला अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या व्हर्नन क्रीबल या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी हे साध्या बाटलीत टिकेल असं करून दाखवलं, त्याआधी असलंच एक रसायन होतं पण ते पातळ ठेवायला त्यात सतत हवा सोडत राहावी लागायची. त्यातूनच लॉकटाइट कंपनी झाली, आता ती हेंकेलकडे आहे. बाटली अर्धवटच भरलेली मिळते ती याचसाठी, दुकानदाराने फसवलेलं नसतं, वरची हवा आणि हवा आत येऊ देणारं प्लास्टिक हेच त्या मालाला जिवंत ठेवतं.

यातून काय निघतं बघा. स्क्रूच्या बाहेर जे ओघळतं ते कधीच सुकत नाही, आठवड्याने बघितलं तरी ओलंच, आणि लोकांना वाटतं माल खराब निघाला. आतलं झालेलं असतं, बाहेरचं पुसायचं असतं. न पुसलं तर ते गनच्या हिसक्याने सरकत सरकत एखाद्या फटीत जातं, तिथे धातू आणि बंद जागा मिळाली की तिथे जाऊन घट्ट होतं, आणि ही फट ट्रिगरमधली असली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुसरं, धातूवर बरंच अवलंबून आहे. साधं स्टील आणि पितळ यावर लवकर पकडतं, पितळावर तर काही मिनिटांत, म्हणून पितळी भागाला लावून चहा प्यायला जाऊ नका. स्टेनलेस, ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम, झिंक किंवा क्रोम प्लेटिंग यावर फार सावकाश, तिथे चोवीस तास तरी द्या, थंडीच्या दिवसांत जास्त, नाहीतर लॉकटाइट ७६४९ सारखा ॲक्टिव्हेटर (गोंद लवकर धरायला लावणारं रसायन) आधी मारावा लागतो. तिसरं, स्क्रू बाटलीत बुडवायचा नाही आणि नोझल धातूला घासायचं नाही, धातूचे कण आत गेले की बाटलीच आतून धरायला लागते.

आता रंगाचा घोळ. तुमच्या गॅरेजवाल्याने "लाल" म्हटलं, पण लॉकटाइटची बाटलीच लाल असते, आतलं लिक्विड निळं असलं तरी. त्यामुळे त्याने नेमकं काय दिलंय हे लेबलवरचा नंबर वाचल्याशिवाय सांगता येत नाही. २२२ जांभळं, कमी ताकदीचं. २४३ निळं, मध्यम, थोडंफार तेल सहन करणारं (जुनं २४२ पण निळंच, पण तेलाच्या बाबतीत नाजूक). २७१ लाल, कडक. २७० पण कडकच पण ते हिरवं, आणि २९० सुद्धा हिरवं पण त्याचं काम एकदम वेगळं, ते आधीच आवळलेल्या स्क्रूच्या फटीत पाण्यासारखं झिरपतं. आणि बेअरिंग बसवायचं ६३८, तेही हिरवं! म्हणून दुकानात रंग सांगू नका, नंबर सांगा. दुसऱ्या कंपनीचं घेत असाल, आपल्याकडे अनाबॉन्डचं पण मिळतं, तर त्यांचे नंबर वेगळे असतात, तेव्हा लेबलवर कमी ताकद की मध्यम, आणि साध्या हत्याराने उघडतं का, हे वाचून घ्या. दहा मिलीची बाटली घरच्या माणसाला काही वर्षं पुरते, पन्नास मिली घेऊन ती जुनी होत बसण्यापेक्षा छोटी ताजी घ्या, बॅच आणि एक्स्पायरी छापलेली असेल तीच, उघड्यावर मिळणारी अर्ध्या किमतीची नको.

माझ्या मते एअरगनसाठी घरात २२२ आणि २४३ या दोनच बाटल्या हव्यात. का ते सांगतो. कंपनी ताकदीचे आकडे देते ते एम १० च्या स्टील बोल्टवर मोजलेले असतात, २२२ साधारण ६ न्यूटन-मीटरला सुटतं, २४३ साधारण २६ ला. एम १० म्हणजे मोटारसायकलचा बोल्ट. एअरगनमध्ये एम ३ ते एम ६ चे स्क्रू, एम ३ चा चांगला स्क्रू मुळात आवळायचाच सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि त्या मापाचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असेल तर त्याला दीड मिलिमीटरची ॲलन की लागते. अशा स्क्रूला कडक ग्रेड लावला की उघडताना गोंद सुटायच्या आधी ॲलनचं भोक गोल होतं, मग ड्रिल मारा, आटे घालवा, नळीवर ओरखडे पाडा. हे सगळं मी दुरुस्तीला आलेल्या गनमध्ये नेहमी बघतो आणि खरंच वाईट वाटतं, कारण शंभर रुपयाच्या स्क्रूपायी चांगली गन खराब झालेली असते.

आता तुमच्या गनचा एकेक भाग घेऊ.

पुढच्या दस्त्याचे दोन स्क्रू एम ५ किंवा एम ६ असतील आणि स्टीलच्या आट्यांत जात असतील तर २४३. एक थेंब, टोकाकडच्या तीन-चार आट्यांवर, जिथे प्रत्यक्ष धातू पकडतो तिथेच. वरच्या आट्यांवर लावलं तर ते लाकडाला लागतं आणि पॉलिश खराब करतं, शिवाय लाकडात ते घट्ट होतही नाही. आवळायला छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मनगटाचा जोर पुरे, बॅटरीवरचं ड्रिल लावून आवळू नका. खाच आधीच खाल्लेली असेल तर स्क्रू आत्ताच बदला, लॉक केल्यावर नाही.

ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू मशीन स्क्रू असतो आणि धातूत जातो, त्याला २४३ किंवा २२२, काहीही चालेल. मागचा मात्र बऱ्याच गनमध्ये सरळ लाकडात जाणारा लाकडी स्क्रू असतो. त्याला थ्रेडलॉकर लावायचं नाही, उपयोगच नाही. भोक मोठं झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेली टूथपिक भोकात घाला, एक रात्र ठेवा, कापून सपाट करा आणि मग स्क्रू फिरवा. सुताराचा जुना उपाय आहे आणि इथे तोच लागू पडतो.

नळीच्या जॉइंटचा पिव्हट बोल्ट. याला नीट वेळ द्या, कारण नेम बिघडतो तो इथून. बऱ्याच लोकांना वाटतं की खेळ आलाय म्हणजे गच्च आवळा. तसं नाही. गन रिकामी असताना नळी अर्धी मोडा आणि सोडून द्या, ती जिथे सोडली तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडली तर सैल आहे, आणि हाताने हलवायलाच जोर लागत असेल तर जास्त आवळलाय. त्या बिंदूला आलं की तिथून बोल्ट हलू नये एवढंच गोंदाने करायचं. इथे अडचण ही की जॉइंटच्या दोन्ही बाजूच्या वायसरना मॉली (मॉलिब्डेनमवालं काळं) ग्रीस लागतं आणि तेच ग्रीस बोल्टच्या आट्यांवर आलेलं असतं. बोल्ट पूर्ण काढा, आटे साफ करा, ग्रीस फक्त वायसरवर आणि बोल्टच्या गुळगुळीत भागावर लावा, आणि २४३ चा अगदी छोटा थेंब आट्यांच्या शेवटी किंवा चेक नट (बोल्ट फिरू नये म्हणून वरून आवळलेला नट) असेल तर नटला. गोंद वायसरपर्यंत पोचला तर जॉइंट जड होतो. तुमच्या मॉडेलला पिव्हटच्या डोक्याशेजारी छोटा लॉक स्क्रू असेल तर पिव्हटला काहीच लावू नका, त्या लॉक स्क्रूला २२२ लावा, काम झालं. आणि हे करताना पुरेसा वेळ हाताशी ठेवा, पिव्हट सेट करायला दोन-तीनदा मागे-पुढे करावं लागतं, आणि २४३ स्टीलवर दहा-पंधरा मिनिटांत पकडायला लागतं. आधी कोरडं सेट करून बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने एक रेघ ओढून ठेवा, मग काढा, गोंद लावा आणि रेघेला रेघ जुळवा.

स्कोप. सरकणारा स्कोप गोंदाने थांबवायचा नाही, हे मी ठामपणे सांगतो. स्प्रिंगच्या गनमध्ये माउंट ११ मिमीच्या डव्हटेलवर (गनवरची माउंट पकडायची खाच) सरकतो तो बहुतेक वेळा तिथल्या तेलामुळे आणि स्टॉप पिन (माउंटला मागे सरकू न देणारी) नसल्यामुळे. डव्हटेल आणि माउंटचे जबडे दोन्ही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून कोरडे करा, जमलं तर सलग एका तुकड्याचा माउंट घ्या, आणि रिसीव्हरवर (नळीमागचा मुख्य धातूचा भाग) स्टॉप पिनचं भोक असेल तर पिन त्यात नीट उतरवा. जबड्यांना किंवा रिंग आणि स्कोपच्या मध्ये गोंद लावणारे लोक आहेत, पुढे स्कोप काढताना नळकांडं चिरतं. रिंगच्या वरच्या टोपीच्या स्क्रूंना तर मी काहीच लावत नाही. ओलं लिक्विड वंगणासारखं काम करतं, त्यामुळे हाताला तेवढाच जोर लावला तरी प्रत्यक्षात दाब जास्त येतो, ॲल्युमिनियमचे आटे जातात नाहीतर स्कोपची ट्यूब चेपते. व्हॉर्टेक्ससारखी कंपनी रिंगच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड सांगते, म्हणजे पावणेदोन ते दोन न्यूटन-मीटर, आणि एवढा टॉर्क बोटांनी धरलेल्या छोट्या ॲलन कीने सहज येतो. खालच्या क्लॅम्पचे स्क्रू फारच सुटत असतील तर २२२, त्यापुढे नाही.

पुढच्या साइटचा आणि नळीच्या तोंडावरच्या मझल ब्रेकचा ग्रब स्क्रू, याला २२२ डोळे झाकून. भोक आंधळं असेल, म्हणजे दुसऱ्या बाजूने उघडं नसेल, तर थेंब स्क्रूवर न लावता भोकात आतल्या आट्यांवर सोडा, नाहीतर स्क्रू आत जाताना अडकलेली हवा सगळं लिक्विड वर ढकलते आणि आट्यांत काहीच राहत नाही.

ट्रिगर. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ट्रिगर ॲडजस्ट करायचा स्क्रू हलतो म्हणून लोक वरूनच एक थेंब सोडतात, तो खाली सीअरच्या (पिस्टनला अडवून धरणारा खटका) पिनपर्यंत जातो आणि तिथे, धातूच्या दोन भागांमधल्या बंद फटीत, हे रसायन अगदी मनासारखं घट्ट होतं. मग कधी ट्रिगर परत येत नाही, कधी सीअर अर्धवट पकडतो आणि नळी बंद करताना गन सुटते. मोडलेल्या नळीत बोटं असताना स्प्रिंग सुटली तर बोट तुटतं, हे अतिशयोक्तीने सांगत नाहीये. ट्रिगरमध्ये २९० तर चुकूनही नको, ते झिरपायलाच बनवलंय. इथे व्हायब्रा-टाइटचं व्हीसी-३ बरं, ते स्क्रूवर लावून बाहेरच पूर्ण सुकवायचं, मग बसवायचं. ते रबरासारखं राहतं, स्क्रू घट्ट फिरतो पण हवा तेव्हा परत ॲडजस्ट करता येतो आणि आत वाहून जायला काही ओलं उरत नाही. नेलपॉलिश लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, स्क्रू बाहेर काढून, लावून, सुकवून बसवला तर तेही वाईट नाही. सेट केल्यावर गन कॉक करून, छर्रा न घालता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून दस्त्याला रबरी हातोडीने हलके ठोके द्या, सुटली तर ट्रिगर परत सेट करायचा.

सिंथेटिक दस्ता असेल किंवा ट्रिगर गार्ड प्लास्टिकचं असेल तर हे लिक्विड प्लास्टिकला लागू देऊ नका. एबीएस, पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक यांना यामुळे ताणाच्या जागी बारीक तडे जातात, लगेच नाही, काही दिवसांनी, स्क्रूच्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे. स्कोपच्या लेन्सपासूनही लांब. आणि फेविक्विक कुठेच नको, त्याची वाफ काळ्या ब्ल्यूइंगवर (स्टीलवरचा गंजरोधक थर) आणि काचेवर पांढरी पूड धरते, शिवाय ते ठिसूळ, स्प्रिंगच्या हिसक्याने तडकून सुटतं.

आता लावायची पद्धत, कारण माझ्या अनुभवात नंबर चुकल्याने जेवढं बिघडतं त्यापेक्षा साफसफाई न केल्याने जास्त बिघडतं. नवी गन कारखान्यातून गंजरोधक तेलात भिजून येते, २४३ तेल सहन करतं म्हणतात ते पुसट थराबद्दल, टपकणाऱ्या तेलाबद्दल नाही. स्क्रू काढला की जुन्या टूथब्रशने आयपीए लावून आटे घासा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए मिळतं. भोकासाठी कानात घालायची कापसाची काडी आयपीएत बुडवून फिरवत आत घाला, बाहेर काळी आली तर दुसरी, तिसरी, काडी पांढरी यायला लागेपर्यंत. ॲसिटोन पण साफ करतं पण लाकडाचं पॉलिश आणि प्लास्टिक दोन्ही खातं, म्हणून ॲक्शन (नळी आणि यंत्रणेचा धातूचा भाग) दस्त्यातून काढल्यावरच. डब्ल्यूडी-४० ने साफ करू नका, ते मागे तेलाचा थर ठेवतं, आणि पेट्रोलचंही तसंच. पूर्वीचं थ्रेडलॉकर असेल तर ते पांढरट भुग्यासारखं दिसतं, पितळी ब्रशने काढा, त्यावर नवीन लावून चालत नाही.

मग एक थेंब, आवळा, बाहेरचं पुसा, आणि चोवीस तास गन भिंतीला टेकवून विसरून जा. अर्ध्या तासाने "बघू घट्ट झालं का" म्हणून अर्धा फेर फिरवला की धरायला लागलेला गोंद तुटतो आणि तो परत जुळत नाही, मग सगळं काढून साफ करून पहिल्यापासून. जास्तीचं कुठे गेलंय का ते बघायचं असेल तर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा, या ग्रेडमध्ये चमकणारा पदार्थ असतो, ट्रिगरच्या खोबणीत निळसर चमक दिसली तर ओलं आहे तोवरच आयपीएच्या काडीने काढून टाका. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी पांढऱ्या पेंट मार्करची बारीक रेघ ओढा. सीझन बदलतानाची सफाई सोडली तर ती रेघ तुटलेली दिसली तरच स्क्रूला हात लावायचा. रोज स्क्रूड्रायव्हर घेऊन चेक करत बसलात तर चेक करण्यानेच लॉक तुटतो.

त्या गॅरेजवाल्याचं कडक औषध आधीच एखाद्या स्क्रूला लावून झालं असेल तर काढताना घाई करू नका. कडक ग्रेडला कंपनी साधारण २५० अंशांपर्यंत गरम करून गरम असतानाच फिरवायला सांगते, आणि एअरगनला ते तापमान झेपत नाही, ओ-रिंग आणि पिस्टनचं पॉलियुरेथेन सील त्याच्या खूप आधी जातं, लाकूड जळतं. ब्लो टॉर्च नकोच. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यात टेकवून दोन-तीन मिनिटं धरा, बरीचशी उष्णता स्क्रूतच राहते, मग नवी धारदार ॲलन की पूर्ण खोल बसवून सावकाश, नाही सुटलं तर परत गरम. सील जवळ असेल तर आधी गन उघडून सील बाहेर काढा. आणि स्प्रिंगच्या गनमध्ये मागचा प्लग, पिस्टन, स्प्रिंग गाइड यांना कुठल्याच नंबरचं काही लावायची गरज नसते, तिथे स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) तो प्लग उघडायचाही नाही.

मुलीच्या रायफलबद्दल. पीसीपीला हिसका जवळजवळ नसतोच, तिथे वजनांचे स्क्रू सुटतात ते बहुतेक सतत काढ-घाल केल्यामुळे. दहा मीटर एअर रायफलची वजनमर्यादा ५.५ किलो आहे, त्या आत बॅलन्स शोधताना मुलं वजनं पुढे-मागे करत राहतात, मोठी होत असताना बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीसही (गाल टेकायचा भाग) बदलत राहतं. असल्या स्क्रूंना कायमचं काही लावणं म्हणजे तिच्या कोचच्या कामात अडथळा. क्लॅम्पचे स्क्रू साफ करून कोरडे, टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढे, वर मार्करची रेघ. तरी सुटले तर व्हीसी-३. बॅलन्स नक्की झाला आणि सीझनभर हलवायचा नाही असं कोच म्हणाले तर २२२.

सिलिंडरच्या आट्यांना मात्र काहीही लावायचं नाही, थ्रेडलॉकर नाही, टेफ्लॉन टेपही नाही. तिथे २०० बार दाब आहे आणि हवा अडवण्याचं काम आट्यांचं नाहीच, ते ओ-रिंगचं आहे, आटे फक्त धरून ठेवतात. टेपचे तुकडे व्हॉल्वमध्ये जातात, आणि गोंद लावलेला सिलिंडर अडकला तर तो गरम करून सोडवायचा मार्ग आपल्याकडे नाही, दाबाखालच्या सिलिंडरला उष्णता द्यायचीच नसते. सिलिंडर काढा (हा हाताने फिरतो, पाना लावायचा नाही), रायफलमध्ये उरलेली हवा कोरडा शॉट मारून सोडा, ओ-रिंग भिंगाखाली बघा, बहुतेक एखादा चिरलेला कोपरा किंवा धुळीचा कण सापडेल. त्याच मापाची कंपनीची ओ-रिंग घाला, बोटावर दिसेल न दिसेल एवढं सिलिकॉन ग्रीस लावून. मशीनचं ग्रीस किंवा तेल दाबाच्या हवेत नको. नवीन ओ-रिंगनंतरही आवाज येत असेल तर गळती व्हॉल्व किंवा प्रेशर गेजमधून आहे, ते घरी उघडायचं काम नाही, सर्व्हिसला द्या, आणि देताना सिलिंडरवर छापलेली मुदत वाचा. मुदत संपलेला सिलिंडर वापरला तर जबाबदारी खेळाडूवरच येते, मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्याच्या तपासणीत) ते कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तुम्ही आधी पुढच्या दोन स्क्रूंचं माप घ्या, तळाला टेकतात का ते बघा, आणि पिव्हटला लॉक स्क्रू आहे की चेक नट तेही तपासून सांगा. त्यावरून २४३ कुठे लावायचं ते नक्की करू, तोवर फक्त डव्हटेल साफ करून स्टॉप पिन बसवून घ्या.